फायनलचा दुसरा सामना

धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी आशियातल्या क्लबांची फुटबॉल फायनल दोन सामन्यांची होती. बाबा रिफायनरीतून निवृत्त झालेले, तरुणपणी कारखान्याच्या संघातून खेळलेले. हे वेड त्यांनी बहिणीलाही लावलं होतं. पहिला सामना आम्ही रावपुऱ्यातल्या घरी एकत्र पाहिला. आमचा लाडका संघ एका गोलनं हरला.

"हरले ना? मग पुन्हा कशाला खेळायचं?" आईनं विचारलं.

"एक सामना यांच्या गावी, एक त्यांच्या. दोन्हींचे गोल मिळून निकाल," बाबा म्हणाले.

दुसऱ्या सामन्याआधीच बहीण लग्न होऊन सुरतेला गेली. त्या संध्याकाळी बाबांनी टीव्ही लावला, पण त्यांचं लक्ष लागेना. तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी तिचे गुजराती सासरे बसले होते.

"केम छो, वेवाई? हे ऑफसाइड म्हणजे काय, जरा समजवा ना," ते म्हणाले.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि सामना संपेपर्यंत ते व्याह्यांना समजावत राहिले. आमचा संघ बरोबरीच करू शकला, चषक गेला. बाबांना इतकं खुशीत हरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.