चिंचेच्या पाण्यातल्या पुंगळ्या

क्लबच्या प्रशिक्षकाने माझ्यासमोर टेबलावर एक छोटं, हलकं पिस्तूल ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, लेडीजसाठी हे बेस्ट."

तो इजिप्तचा. सैन्यातून निवृत्त झालेला, पोट सुटलेलं, पण पाठ अजून ताठ. मी पिस्तूल उचललं, हात लांब केला, पुढच्या माशीवर नजर लावली. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटा उंचवटा. माझ्या श्वासाबरोबर ती फुलपाखरासारखी हलत होती. हलकं पिस्तूल सोपं असतं हा न धरणाऱ्यांचा समज आहे. हात जरासा कापला तरी ते कापतं. जड पिस्तुलाला स्वतःचं असं बूड असतं.

कपाटात मागे बत्तीस बोअरचं एक पिस्तूल होतं. नळी लांब, वजन पुढे. मी म्हटलं, "मला ते हवंय."

"ते पुरुषांच्या स्पर्धेचं आहे."

"मग मी पुरुषांच्या स्पर्धेत उतरते."

माझ्यासोबत आलेल्या डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. त्या कुवेती, आमच्या इस्पितळातल्या अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांच्याच ओळखीवर मला क्लबमध्ये प्रवेश मिळाला होता. मी त्यांच्या विभागात प्लास्टर रूम सांभाळायची आणि शेजारच्या खोलीत कृत्रिम पायांचे साचे बनवायची. कोल्हापूरला कॉलेजात एनसीसीची रायफल चालवली होती, हे एकदा बोलता बोलता मी त्यांना सांगितलं आणि पुढच्याच शुक्रवारी त्या मला गाडीत घालून रेंजवर घेऊन गेल्या. मला त्या 'ओख्ती' म्हणायच्या, म्हणजे बहीण. पण प्लास्टर सैल बसलं की त्याच ओख्तीला सगळ्या वॉर्डासमोर झाडायच्या.

पिस्तूल मिळालं, पण त्याची लाकडी मूठ कुणा दांडग्या पुरुषाच्या पंजासाठी घडवलेली. माझं बोट ट्रिगरवर नीट पोचेना. प्रशिक्षकाने 'मी सांगितलं होतं' असा चेहरा केला. मी मूठ सुटी करून कार्यशाळेत नेली. गुडघ्याखालून तुटलेल्या पायाचा खुंट ज्या नजरेने बघायचा असतो, त्याच नजरेने मी स्वतःच्या हाताकडे बघितलं. कुठे टेकतंय, कुठे टोचतंय, कुठे पोकळ राहतंय. तळव्याचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला, कानशीने मूठ तासली, पोकळीत लाकडाचा भुसा आणि गोंद भरला. दिसायला ती अगदी कुरूप झाली. पण डोळे मिटून धरली तरी हात दर वेळी त्याच जागी बसायचा, आणि मला तेवढंच हवं होतं.

मग काडतुसांचा प्रश्न आला. कागदी लक्ष्यावर मारायची काडतुसं वेगळी असतात. त्यांची गोळी पुढून सपाट असते, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. तयार काडतुसं बाहेरून यायची, कधी यायची, कधी नाही. म्हणून क्लबमध्ये एक प्रेस होतं. झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या, म्हणजे मागे उरलेली पितळी नळकांडी, त्यावर पुन्हा भरून वापरायच्या. ते कपाट प्रशिक्षकाच्या ताब्यात असायचं आणि प्रत्येक काडतूस त्याच्या नजरेसमोर भरावं लागायचं. मला त्याची काही अडचण नव्हती. मला ते काम मनापासून आवडायचं. दांडा खाली ओढताना पुंगळी साच्यात शिरल्याचं तळहाताला कळतं. एखादी जरा जास्त सहज गेली की समजायचं, हिचं तोंड सैल झालंय. ती बाजूला टाकायची.

प्रशिक्षकाची काडतुसं धडाकेबाज असायची. त्याने शिकवलेल्या पोरांनाही तोच शौक. धक्का बसला नाही तर झाडल्यासारखं वाटत नाही म्हणे. मी मुद्दाम दारूची सौम्य भरणी निवडली. पुस्तकातल्या मर्यादेच्या आतली, पण सौम्य. मला आवाज नको होता. पहिल्या गोळीसारखीच शेवटची गोळी हवी होती.

त्याने माझं एक काडतूस कानाशी नेऊन हलवलं. "हे काडतूस आहे की अत्तराची कुपी?"

"वास घेऊन बघा," मी म्हटलं, "पण लक्ष्याच्या बाजूला उभे राहून."

रिकाम्या पुंगळ्या साफ करायला घरी न्यायची परवानगी डॉक्टरबाईंनी आपल्या शब्दावर मिळवून दिली होती. अबू हलीफाला आमचा फ्लॅट होता, खिडकीतून समुद्र दिसायचा. स्वयंपाकघरात मी एका पातेल्यात चिंच कोळून ठेवायची आणि त्यात त्या पितळी पुंगळ्या टाकायची. घरची समई आणि तांब्या जसे घासतात, तशाच त्या घासायच्या. माझा नवरा शहरात, शर्क भागातल्या एका कंपनीत नकाशे काढायचा. संध्याकाळी घरी आला की आधी पातेल्यात डोकावायचा. "आज आमटी की दारूगोळा?" एकदा खरंच त्याने त्यात पळी बुडवली होती.

वसंतातल्या क्लबच्या स्पर्धेत मी पुरुषांत तिसरी आले. माझ्या मागे प्रशिक्षकाचे दोन लाडके शिष्य होते. प्रशिक्षक माझं लक्ष्य हातात घेऊन म्हणाला, "पिस्तूल चांगलं आहे."

"निवडलं कुणी?" मी विचारलं.

त्या दिवसापासून कपाट उघडताना तो मला आधी बोलवायला लागला.

ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं. पहिल्याच आठवड्यात क्लब लुटला गेला, शस्त्रांचं कपाट अख्खं उचलून नेलं. प्रशिक्षक आपल्या बायकोमुलांना घेऊन वाळवंटातून निघून गेला, पुढे त्याचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. घरोघर झडत्या सुरू झाल्या. ज्याच्याकडे हत्यार सापडेल त्याची गय नाही, असं सांगत होते. आणि माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली, पुंगळ्यांनी भरलेला तुपाचा डबा होता. चकचकीत घासलेल्या पुंगळ्यांनी.

नवऱ्याने तो डबा बाहेर ओढला. "आत्ताच्या आत्ता समुद्रात टाकून येतो."

"किनाऱ्यावर खंदक खणून बसलेत ते. त्यांच्या देखत टाकणार?"

"मग कचऱ्यात."

कचरा उचलायला कुणी येत नव्हतं. इमारतीखाली ढीग साचला होता आणि सैनिक त्यात संगिनी खुपसून बघायचे. एक पुंगळी सापडली असती तरी इमारतीतल्या सगळ्यांच्या मागे लागले असते. वर कोकणातलं एक कुटुंब होतं, तीन लेकरं. मी म्हटलं, "मी इस्पितळात नेते. तिथे जागा आहे."

"वाटेत चौक्या आहेत!"

"मग तू काय सुचवतोस?"

 मलाही दुसरं काही सुचत नव्हतं, पण घरात बसून दारावर थाप पडायची वाट बघणं मला जमलं नसतं. जेवणाचा मोठा चार कप्प्यांचा डबा काढला, प्रत्येक कप्प्याला वेगळं झाकण असलेला. खालचे तीन कप्पे फडक्यात घट्ट गुंडाळलेल्या पुंगळ्यांनी भरले, वरच्यात मुगाची खिचडी. फडकं अशासाठी की डबा हलला तरी खणखणाट होऊ नये. नवरा गाडी चालवायला बसला. 

चौकीवर एक तरणा सैनिक खिडकीत वाकला. "हिंदी?"

"हिंदी. मुस्तश्फा," मी म्हटलं. भारतीय आहे, इस्पितळात चाललेय. एरवी एवढ्यावर सोडायचे. याने मांडीवरच्या डब्याकडे बोट केलं. "इफ्तही." उघड.

मी वरचा कप्पा काढला आणि झाकण उघडून त्याच्यासमोर धरलं. खिचडीला वाफ होती. तो बघत राहिला. ओठ फुटलेले, दाढी वाढलेली. मग त्याने बाकीच्या कप्प्यांकडे नजर वळवली. 

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण भीतीपेक्षा मोठा होता संताप. हे माझं घर, ही माझी कामाची वाट आणि हा कोण कुठला माझा डबा उघडायला सांगतो! मी अख्खा कप्पा त्याच्या हातात कोंबला आणि माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, "भूक लागलीय तर खा. बाकीचं रोग्यांचं आहे. त्याला हात लावायचा नाही."

तो गांगरला. मागून कुणीतरी त्याच्यावर ओरडलं. त्याने कप्पा छातीशी धरला आणि आम्हाला हाताने जायची खूण केली.

पुढे गेल्यावर नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "हात लावायचा नाही म्हणे," तो पुटपुटला. "वेडी आहेस तू." आणि मग हसायला लागला, डोळे पुसत.

कार्यशाळेत कृत्रिम पायांचे साचे ओळीने उभे असायचे. भरीव प्लास्टरचे, मधोमध लोखंडी नळी, दोन हातांनी उचलावे लागतील असे जड. मी पाच-सहा नवे साचे ओतले आणि पुंगळ्या त्यांच्या पोटात घातल्या. डॉक्टरबाई मध्येच आत आल्या. मी काय करतेय ते त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी दार लावलं, बाह्या सरसावल्या आणि माझ्यासाठी प्लास्टर कालवायला घेतलं. म्हणाल्या, "पातळ झालं तर तडे जातील." एवढंच.

सप्टेंबरात आपली माणसं बसने बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानाने निघाली. वरचं कोकणातलं कुटुंबही गेलं. नवऱ्याने आमच्या दोघांच्या पिशव्या भरल्या. वॉर्डात तेव्हा निम्म्याहून जास्त नर्सेस निघून गेल्या होत्या. मी म्हटलं, "तू जा. मी नाही जात."

"का? कुणाला काय दाखवायचंय तुला?"

"काही नाही दाखवायचं. मला हाकलायला कुणीतरी आलंय, म्हणून मी जायचं नाही."

तो बराच वेळ पिशवीची चेन उघडत आणि लावत बसला. शेवटी म्हणाला, "मग मी एकटा पुण्याला जाऊन काय तुझ्या सासूबरोबर भाजी निवडू?" आणि कपडे परत कपाटात ठेवले.

एका सकाळी सैनिक ट्रक घेऊन इस्पितळात आले. क्ष-किरणांचं यंत्र नेलं, पलंग नेले. प्लास्टर कापायची विजेवरची करवत उचलायला एक अधिकारी माझ्या खोलीत आला. मी दारात उभी राहिले. "ही नेलीत तर चढवलेली प्लास्टरं कापायची कशाने? तुमच्या संगिनीने? आत तुमचाही एक शिपाई पाय मोडून पडलाय. त्याला विचारून या."

त्याने मला बाजूला ढकललं आणि करवत घेतली. जाताना साच्यांच्या ओळीला बुटाने ठोकर मारली, "हे काय?"

"पाय," मी म्हटलं. "हवेत?"

तो थुंकला आणि निघून गेला. त्यानंतर प्लास्टर आम्ही हाताच्या कात्रीने कापायचो, भिजवून, तासन् तास. कुणाचंही प्लास्टर कापायचं राहिलं नाही. त्या शिपायाचंसुद्धा नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीला कुवेत मोकळं झालं. तेलविहिरी जळत होत्या, भर दुपारी गाड्यांना दिवे लावावे लागत. घासून ठेवलेली भांडीसुद्धा काळी, वाळत घातलेले कपडे काळे. उसंत मिळाली तेव्हा डॉक्टरबाईंनी आणि मी साचे फोडले. ओल्या प्लास्टरने पुंगळ्यांची पार वाट लावली होती. हिरवट, खरबरीत, काहींची तोंडं बोटाने दाबली तरी चिरत होती. भरण्यालायक एकही नव्हती. मी त्या ढिगाकडे बघत होते. डॉक्टरबाई जमिनीवर बसून इतक्या हसल्या की बाहेरून नर्स बघायला आली. यासाठी आपण जीव धोक्यात घातला, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"यासाठी नाही," मी म्हटलं.  नवऱ्याने पोत्यात भरून त्या शस्त्रं जमा करायच्या ठिकाणी नेऊन दिल्या. तिथल्या कारकुनाला त्या कशात मोजायच्या ते कळेना.

पिस्तुलं तर नव्हतीच. पुढे क्लब सुरू होईल तेव्हा परदेशी माणसांना शस्त्र मिळणार नाही, असंही कानावर आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुणाकडे तरी शब्द टाकते. मी म्हटलं, टाका, पण मी त्यासाठी थांबणार नाही. उन्हाळ्यात त्यांचा भाऊ युरोपातून परतला, त्याच्याबरोबर त्यांनी हवेच्या दाबावर चालणारं एक स्पर्धेचं पिस्तूल परवानगी काढून मागवलं. त्यात ना दारू, ना पुंगळी, ना प्रेस. इवलासा शिशाचा छर्रा. रुमैथियाला त्यांच्या घराच्या मागच्या लांब पडवीत आम्ही भिंतीला जाड गाद्या टेकवल्या आणि कागद लावला.

मी उभी राहिले. वर्षभर हातात फक्त कात्री आणि पट्ट्या होत्या, खांदा भरून आला होता, धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं. पहिले छर्रे काळ्या वर्तुळाच्या बाहेर गेले. एक तर कागदालाच लागला नाही, गादीत गेला. नवरा खुर्चीवर चहा पीत बघत होता.

"आज राहू दे," तो म्हणाला. "हवा किती घाण आहे. दमली आहेस."

"दमले आहे," मी म्हटलं. "तो छर्र्यांचा डबा जरा इकडे सरकव."