लाइन क्लिअरची चिठ्ठी

जागेश्वर ड्रायव्हरनं बावीस वर्षं इंजिन हाकलं, पण गेला कुठं? आठ मैल. बोरडोंगरीच्या मँगनीज खाणीपासून फाट्याच्या सायडिंगपर्यंत आठ, आणि परत आठ. दोन फुटी रूळ, त्यावर एवढंसं इंजिन, मागं दगडानं भरलेले डबे. नागपूर स्टेशनवरचे मोठ्या गाड्यांचे ड्रायव्हर त्याला हसायचे. हसोत बापडे. त्यांना कुठं ठाऊक, उतारावर ओले रूळ लागले की हे एवढंसं इंजिनच कसं रडवतं ते.

सत्तावन्न साली खाण बंद पडली. माल विलायतेत उठत नाही, असं ऑफिसवाले म्हणाले. खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक. महिन्याभरात मजूर पांगले, मॅनेजर गेला, खाणीवर कुत्रंही राहिलं नाही. राहिले फक्त जागेश्वर आणि त्याची बायको जनाबाई. त्यांच्या राहण्याला कारण होतं. बालाघाटकडच्या एका खाणीनं ते इंजिन मागितलं होतं, आणि पत्रात लिहिलं होतं की, ज्याच्या हाताखाली ते चाललं तो माणूसही सोबत पाठवा. इंजिन गेलं तर जागेश्वरची नोकरी त्याच्याबरोबर जाणार होती. जनाबाईनं तर ट्रंकेला दोरी बांधूनही ठेवली होती.

नाहीतर मग होतंच काय? नागपुरात कोष्टीपुऱ्यात धाकट्या भावाचं, नत्थूजीचं घर. माग वडलांच्या वेळचा, तोही आठवड्यातले चार दिवस उगाच उभा. जागेश्वर विशीत मागावरून उठला तो उठलाच. आता पन्नाशीत, कोळसा आणि वाफ खाल्लेल्या त्या बोटांनी तुटलेला धागा जोडणार कसा? आणि जनाबाईनं जावेच्या चुलीपाशी बसून विचारून विचारून मीठ घ्यायचं. नको रे बाबा!

एका रविवारी फाट्याचा चौकीदार चंद्रभान आला. नाल्यापर्यंत बैलगाडीनं, पुढं कुबडीवर. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. घामाघूम होऊन ओट्यावर टेकला आणि पाण्याआधी बोलला.

"जागेश्वर, बुधवारपासून रूळ उखडून राहिले गा. अन् फाट्याकडून!"

"फाट्याकडून? काहून?"

"भंगारच्या ठेकेदाराचा ट्रक तिथवरच येते म्हणून. मी म्हटलं बी, इंजिन तिकडंच अडकते. मुन्शी म्हणे, ते आपल्या कागदात नाही."

आता बोला! लाइन नेहमी आतल्या टोकाकडून उचलत यायची, हे लाइनीवर झोपणाऱ्या गुरांनासुद्धा कळतं. पण ठेकेदाराला कोण सांगणार? मंगळवारपर्यंत इंजिन फाट्यावर आलं तर आलं. नाल्यावरून इंजिन न्यायला त्या रुळांशिवाय दुसरी वाट नव्हती.

"उद्याच घेऊन ये," चंद्रभान म्हणाला. "लाइन मोकळी हाये, मी सोता पाहिली."

"चिठ्ठी?" जागेश्वरनं विचारलं.

लाइन क्लिअरची चिठ्ठी. पुढं लाइन मोकळी आहे, गाडी सोडा, असं लिहून सही केलेला चतकोर कागद. खाण बंद झाली तसं चिठ्ठ्यांचं पुस्तक नागपूरच्या ऑफिसात जमा झालं होतं.

आठ वर्षांपूर्वी, एकदाच, जागेश्वर चिठ्ठीशिवाय निघाला होता. साहेबाची घाई होती, आणि लाइन रिकामीच असेल असं वाटलं. वळणावर दुरुस्तीवाल्यांचा ढकलठेला रुळांवरच उभा होता. बाकीच्यांनी उड्या टाकल्या, चंद्रभानचा पाय चाकाखाली राहिला. त्या दिवसापासून जागेश्वरनं चिठ्ठी हातात आल्याशिवाय चाक फिरवलं नव्हतं. देवळातसुद्धा एवढा नेम कोणी पाळत नाही.

सोमवारी तो मोटारीनं नागपूरला गेला. ऑफिसातल्या विश्वनाथबाबूंनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला. माणूस वाईट नव्हता. चिठ्ठी त्याच्यासमोर लिहिली, तारीख घातली. "साहेबांची सही तेवढी राहिली. उद्या सकाळी माणसाच्या हाती पाठवतो. तुम्ही वाफ करून ठेवा."

मंगळवारी पहाटेच जागेश्वरनं भट्टी पेटवली. फायरमन कधीच गेला होता, म्हणून जनाबाईनं विहिरीवरून पाण्याच्या घागरी वाहिल्या. नऊ वाजता वाफ चढली. दहा वाजले, बारा वाजले. जागेश्वर इंजिनात बसून वाटेकडं पाहत होता. जास्तीची वाफ फुसफुसत वर जात होती, आणि तो पुन्हा कोळसा टाकत होता. जनाबाईनं भाकर तिथंच आणून दिली.

"चला नं," ती म्हणाली. "कोण हाये आता इथं विचारनारं?"

"जने, तू चूप बस वं."

"बावीस वर्सं चूपच हावो मी."

दोनदा त्याचा हात दांड्यावर गेला. दोन्ही वेळा ते वळण डोळ्यांपुढं आलं, आणि त्यानं हात काढला. दिवस कलला तेव्हा कोळसा संपला. त्यानं भट्टीतली आग खाली पाडली आणि तिथंच मटकन बसला. इतका थकवा त्याला बावीस वर्षांत कधी आला नव्हता.

गुरुवारी चंद्रभान पुन्हा आला. फाट्याकडचे पाऊण मैल रूळ तोवर ट्रकमध्ये पडले होते. त्यानं खिशातून चतकोर कागद काढला. नागपूरचा माणूस काल दुपारी फाट्यावर ठेवून गेला होता. लाइन क्लिअर. इंजिन फाट्यापर्यंत आणावे. खाली साहेबाची सही, वर सोमवारची तारीख.

"मंगळवारी दिवसभर हिरवं निशाण घेऊन उभा होतो मी," चंद्रभान म्हणाला. "आता येते, मंग येते."

"तुह्या पायाकडं पाहून थांबलो गा."

चंद्रभान एकदम भडकला. "माह्या पायाचं माह्यावर सोड नं! मी कवाच इसरलो. तूच धरून बसला." मग त्याचा आवाज खाली आला. "तवा थांबायचं होतं तं तू आला. आता यायचं होतं तं थांबला. काय म्हणू गा तुले?"

जागेश्वर उठला, इंजिनात चढला, आणि चिठ्ठ्या अडकवायच्या तारेला ती चिठ्ठी सवयीनं टोचून आला. इंजिन आता तिथंच भंगारवाले तोडणार होते.

जनाबाई दारात उभी होती. "तं मंग नत्थूजीले कार्ड टाका," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. ट्रंक बांधलेलीच होती. ती सोडायचं काम पडलं नाही.