बिअर पिण्यात धरत नाहीत

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खायचा असतो आणि तो कोरड्या घशाने खायचा नसतो. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही, पण न पाळणारा माणूस बुचच्या बारच्या आसपास शोधून सापडायचा नाही. मार्लीस क्लुंडर हा नियम मनापासून पाळायची. पेशाने ती नर्स. अखेरच्या दुखण्यात पडलेल्यांच्या घरी जायचं, त्यांना मॉर्फिन द्यायचं, हात धरून बसायचं, हे तिचं काम. अख्ख्या तालुक्यात तिच्याशिवाय कुणी सुखाने मेलं नव्हतं.

त्या शुक्रवारी कुणाचा तरी वाढदिवस होता. कुणी तुमच्या नावाने एक प्याला सांगितला की बुच तुमच्यापुढे एक चिमुकला ग्लास उपडा ठेवतो. त्याचा अर्थ, तुमचा एक बाकी आहे. ते उपडे ग्लास तसेच टाकून उठणं म्हणजे पाजणाऱ्याचा चारचौघांत अपमान. मार्लीसवर चांगले संस्कार झालेले. तिने कुणाचाही अपमान केला नाही.

घराच्या वळणावर पोलिसाने तिची गाडी अडवली. लहानपणी तिच्याच हातून इंजेक्शनं घेतलेला पोरगा तो, बिचारा अर्धमेला झाला. "मावशी, फुंका ना यात जरा," म्हणाला. मावशीने फुंकलं. यंत्राला नातीगोती कळत नाहीत.

गावाने धीर देण्यात जराही कसूर केली नाही. पिऊन गाडी चालवणं पहिल्या खेपेला त्या राज्यात गुन्हा धरत नाहीत, नुसता दंड करतात. "अगं, पहिली वेळ सगळ्यांचीच असते," बुच म्हणाला. "माझ्या आईचीसुद्धा झालीय!" वकिलाने सल्ला दिला, "दंड भर, गप्प बस. नर्सिंगच्या मंडळाला स्वतःहून कळवायला तू काय वेडी आहेस?" तो स्वतः दोनदा सापडला होता. अनुभवी माणसाचं ऐकावं, म्हणून तिने ऐकलं.

पण नोकरी घरोघर गाडी नेण्याची. वर्षअखेरीला तिच्या कंपनीने सगळ्यांच्या गाडीच्या लायसन्सांची चौकशी केली, तिचं प्रकरण निघालं आणि मंडळाकडे गेलं. मंडळाला दंडापेक्षा तिचं गप्प बसणं जास्त झोंबलं. तिला राज्याच्या राजधानीत बोलावणं आलं.

मार्लीस चर्चला जायचा ड्रेस घालून गेली. समोर तिघं. त्यातली डॉक्टरीणबाई परमुलखातून आलेली, गोड आवाजाची.

"तुम्ही दारू पिता का?"

"छे हो! शुक्रवारी माशाबरोबर ब्रँडी, तेवढीच."

"आणि बिअर?"

"बिअर होय? पिते की."

"साधारण किती?"

"आता ती कोण मोजत बसतं? तुम्ही दारूचं विचारलंत ना?"

ती शंभर टक्के खरं बोलत होती. तिच्या गावात बिअर बारशाला असते, मयताला असते, पोरांच्या बेसबॉललाही असते. तिला दारू म्हणणं म्हणजे ताकाला दारू म्हणणं. बाईंनी मान हलवली आणि निदान केलं: हिला स्वतःचं व्यसन दिसतच नाही. खोटं बोलली असती तर कदाचित सुटली असती, पण प्रामाणिकपणाची खोड वाईट.

मंडळ दयाळू. नर्सिंगचं लायसन्स काढून घेतलं नाही. दोन वर्षं नशेच्या औषधाला हात लावायचा नाही, एवढीच अट. लावला तर मात्र कायमचं घरी. मॉर्फिनला हात न लावता मरणाऱ्याची सेवा करायची म्हणजे चुलीविना स्वयंपाक. कंपनीने तिला फोनवर बसवलं.

एल्रॉय स्टेफन्स तिचा जुना पेशंट, जन्मभर गाई पाळलेला, आता हाडांच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळलेला. रविवारी दुपारी ती शेजारधर्म म्हणून त्याच्याकडे गेली. तिला बघून म्हातारा हसला. "आलीस पोरी? आता काळजी नाही."

तासाभरात कळ उठली. नवी नर्स अजून वाटेत होती. मॉर्फिनची बाटली टेबलावरच. घरच्यांना औषध द्यायची मुभा होती, म्हणून आर्डिस, त्याची बायको, पुढे सरसावली. सकाळपासून तिच्या कॉफीत ब्रँडी पडत होती, हात लटलटत होते. पण तिला कोण काय म्हणणार? तिच्याकडे काढून घ्यायला लायसन्सच नव्हतं. पहिला डोस गोधडीवर सांडला. दुसरा हनुवटीवर.

"मार्लीस, तू दे ना गं! मला नाही जमत!"

"हळू भरा, आर्डिसकाकू. गालाच्या आत सोडा."

"अगं पण तू का नाही देत?"

मार्लीसला रडू फुटलं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. एल्रॉय कण्हत तिच्या त्या लपवलेल्या हातांकडे बघत राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "माझं काही चुकलं का गं?"