शाईने उतरवलेली वही

परीक्षेला बसायचं तर सहा आठवडे साइटवर काम केल्याचा दाखला लागायचा, आणि त्यावर तिथल्या इंजिनिअरसाहेबांची सही. ती नसली तर ओव्हरसियरच्या अभ्यासाचं माझं अख्खं वर्ष पाण्यात. पन्नासच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात मला पिंपरीची साइट मिळाली. कारखान्यासाठी घेतलेली शेतं, गुडघाभर वाळकं गवत. वीट अजून एकही लागलेली नव्हती. मी चिंचवडहून सायकलने जायचो आणि मनातल्या मनात स्वतःला साहेबच समजायचो.

माझं काम जमिनीचे चढउतार मोजण्याचं. ठरलेल्या अंतरावर एक म्हातारे बाबा आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभे राहायचे. मी तिपाईवरच्या दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा; आकडा जितका मोठा, तितकी तिथली जमीन खाली. बाबा त्यातल्याच एका शेताचे मालक. जमीन गेल्यावर इथे रोजावर आलेले.

वहीचा नियम कडक होता. जागेवरच, पेन्सिलने लिहायचं. खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एक रेघ मारून वर लिहायचं. पण घामाने आणि मातीने माझी वही इतकी बरबटली की बघवेना. शाळेपासून अक्षराची शाबासकी मिळवत आलो होतो मी. घरी बसून सगळी वही शाईने नव्याने उतरवली. उतरवताना एक आकडा खटकला. आजूबाजूला सगळीकडे चार फूट आणि वर काही इंच, मध्येच एका ठिकाणी पाच. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, त्यामुळे वाचताना फूट चुकणं नेहमीचंच. मी पाचाचे चार केले आणि जुनी वही बंबात घातली.

साहेबांनी नवी वही चाळली. "अक्षर छान आहे. मूळ वही कुठाय?"

नव्याने उतरवून जुनी जाळल्याचं मी सांगितलं. पाचाचे चार केल्याचं नाही सांगितलं. ते चिडले नाहीत. "सगळं पुन्हा मोज. मग सहीचं बघू," एवढंच म्हणाले. माझे चारच दिवस उरले होते. मला सगळ्यांचाच राग आला, बिचाऱ्या बाबांचासुद्धा.

तीन दिवस आम्ही त्याच उन्हात तेच मोजत होतो. तिसऱ्या दिवशी त्या जागेवर आलो आणि पुन्हा पाचच दिसले. पट्टी सरळ धरायला सांगितली, तरी पाच. शेवटी चालत गेलो. गवताखाली जमीन परातीसारखी खचली होती.

"हितं इहीर हुती आमची," बाबा म्हणाले. "जिमीन दिली तवा बुजवली. पावसात भराव खाली बसला."

नकाशात नेमका तिथेच एका खांबाचा पाया होता. माझ्या चारावर विसंबून तो पोकळ भरावावरच उभा राहिला असता. "बाबा, मागच्या वेळी बोलला का नाहीत?"

"तुमी वाचलं, वहीत लिवलं. मला वाटलं, झाली इहिरीची नोंद."

संध्याकाळी साहेबांपुढे या तीन दिवसांची मळकी वही ठेवली आणि पाचाचे चार केल्याचंही सांगून टाकलं. त्यांनी दाखला पुढे ओढला, पण आधी बाबांना आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि विहिरीचा घेर, खोली, झरा कुठून येत होता ते सगळं विचारून घेतलं. मग सही केली. मला मात्र आनंद होईना. सहा आठवडे मी त्या माणसाच्या शेतात उभा होतो आणि यातलं तुमचं शेत कोणतं, एवढंही त्याला विचारलं नव्हतं.