शुगरवाले पितर

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी स्वतःसाठी एक घासही खात नसत. असं त्यांचंच म्हणणं होतं. त्या दिवशी आमच्या अनसिंगात घरोघरी पितर जेवतात. गेलेल्या माणसाच्या नावानं बाहेरचा एकजण पाटावर बसवायचा, त्याला आमरस, पोळी, वडे, कुरडई वाढायची. तो तृप्त होऊन उठला की गेलेला तृप्त झाला. तोवर घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. मोठे बाबा गावाचे सर्वांत लाडके पितर. रसाची वाटी ओठाला लागली की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे, आणि वाढणाऱ्या सुनेला वाटायचं, सासरेच जेवताहेत.

मग त्यांना शुगर निघाली. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, गोड थांबवा, नाहीतर अंगठा काढावा लागेल. मोठ्या आईनं घरातला रस बंद केला. मोठ्या बाबांनी मान डोलावली आणि आखाजीला शेजारच्या नामदेवकडून सुरुवात करून दिसेल त्या घरी पितर बसून आले.

वाशीमला माझं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी मशीन लावून मी त्यांची साखर तपासली आणि घाबरलोच.

"मोठे बाबा, तुम्ही रस खाल्ला."

"म्या नाई खाल्ला. नामदेवच्या बापानं खाल्ला."

"मग साखर तुमच्या रक्तात कशी?"

"थो माह्यात येऊन बसला व्हता ना. जातानी झाडूझुडू करून थोडीच जाते कोनी!"

मी सगळं मनाला लावून घेणारा माणूस. त्यांच्या शुगरच्या गोळ्या मी विकायच्या आणि स्वतः मात्र रस ओरपायचा, हे मला टोचायला लागलं. पुढच्या आखाजीला मी बिनसाखरेचा रस करायचा ठरवला. लाल भोपळा, ज्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात, तो वाफवून चाळणीतून गाळला. त्यात नावापुरता एका गावरान आंब्याचा गर, वेलदोडा, केशर, चमचाभर तूप आणि गोडीसाठी दुकानातले थेंब. रंग असा उतरला की मी स्वतःच फसलो असतो.

"दिसतो फार छान," बायको चाखून म्हणाली, "फक्त तोंडात घालू नका."

आखाजीला सकाळीच डबा घेऊन नामदेवकडे गेलो. मोठ्या बाबांना हाच वाढ, म्हणालो. तो डब्यात डोकावला.

"भाऊ, माह्या बापाले काय शुगर होती काय? वर्षातून एक डाव येते थो. अन् त्याले म्या कोहळं चारू?"

"अरे, मोठ्या बाबांचा अंगठा जाईल."

"अन् माहा बाप उपाशी जाईन, त्याचं काय?"

दोघांचंही खरं होतं. मी हात जोडले. नामदेव भला माणूस, त्यानं डबा घेतला.

मोठे बाबा पाटावर बसले. वाटी तोंडाला लावली. डोळे मिटले नाहीत. ते सरळ दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले. पण पितरानं ताटात टाकायचं नसतं. त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली.

"पोट भरलं ना, बाबा?" नामदेवनं भीतभीत विचारलं.

"माहं भरलं. तुह्या बापाचं त्यालेच विचार."

दुपारपर्यंत गावभर झालं. अंगठा पुढे भरून आला, पण पुढच्या आखाजीला मोठ्या बाबांना कुणी बोलावलं नाही. कोहळं खाणारा पितर कुणाला हवा असणार! ते आंघोळ करून, पांढरंशुभ्र धोतर नेसून ओसरीवर बसले. रस्त्यानं जाणारे लोक रामराम करून पुढे सटकत होते. आत मी ताट बाजूला सारलं.

"काहून रे? तू तं खाय," ते बाहेरून म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गिरजाकाकू आल्या. त्यांचे मालक आदल्या पावसाळ्यात गेले होते. ओसरीखाली उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मोठे बाबा, चाला. आमच्या मालकाले शुगर होती. त्यायले कोहळ्याचाच लागते. आंब्याचा वाढला तं रात्री सपनात येऊन मले बोलतीन."

त्यांचं बोलणं संपायच्या आत मोठे बाबा चपला शोधत होते. मी घरात करून ठेवलेला कोहळ्याच्या रसाचा डबा घेऊन मागे पळालो. त्या दिवशी गिरजाकाकूंच्या पाटावर वाटी ओठाला लागताच त्यांचे डोळे मिटले. परतताना मला म्हणाले, "जितेपनी त्या मानसानं पथ्य पाळलं नाई. आज माह्याकून पाळून घेतलं."

शुगर असलेली माणसं गावात बरीच गेली होती, हे मग लक्षात आलं. मोठ्या बाबांना पुन्हा बोलावणी येऊ लागली. दर आखाजीला मी भोपळा वाफवायचो आणि डबा घेऊन त्यांच्या मागून या घरातून त्या घरात जायचो. ते गेले तेव्हा पायाची बोटं सगळी शाबूत होती. म्हातारपणानं गेले.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. यंदा आखाजीला गिरजाकाकू आमच्या ओसरीशी आल्या आणि मला म्हणाल्या, "चाल."

"काकू, पण मला शुगर नाही."

"होईन ना," त्या म्हणाल्या. "तू चाल अगुदर, पोळ्या थंड्या होऊन राह्यल्या."