पाणी निळं का, हे नानांना माहीत होतं

मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जळगावात वाढले, लग्नानंतर धुळ्याची झाले. नोकरीला वीस वर्षं होत आली. या वीस वर्षांत माझ्या हातून जे झालं त्यातलं बरंचसं मी विसरले आहे, पण एक गोष्ट विसरता येत नाही. ती कुणी मला कधी बोलून दाखवली नाही, म्हणूनच बहुतेक.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्या कपाटात ठेवणं, प्रात्यक्षिकाच्या आधी टेबलं पुसणं ही त्यांची कामं. सगळी शाळा त्यांना नाना म्हणायची. हेडमास्तर नाना म्हणायचे, पाचवीतली पोरंही नानाच म्हणायची. गाव त्यांचं सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरच्याही पुढे. शाळेजवळ एक खोली घेऊन राहायचे. अहिराणी बोलायचे, पण आमच्याशी बोलताना ती जरा शहरी करून बोलायचे.

आठवीची सहल आम्ही एका धरणावर नेली होती. जानेवारी महिना, आभाळ स्वच्छ. गाळ खाली बसून पाणी निवळलं होतं, आणि भिंतीवर उभं राहिलं की लांबपर्यंत निळंशार दिसत होतं. नानाही सोबत होते. पिण्याच्या पाण्याचे जार सांभाळायला आणलं होतं त्यांना. मुलं भिंतीवर रांगेत उभी होती. मला वाटलं, बरी संधी आहे.

"पाण्याला रंग असतो का?" मी विचारलं.

"नाही," सगळी एका सुरात म्हणाली.

"मग हे निळं का दिसतं? वर बघा. आकाश निळं, त्याचं प्रतिबिंब पाण्यात पडतं, म्हणून पाणी निळं."

मला कॉलेजात कुणीतरी असंच सांगितलं होतं, मी पंधरा वर्षं तसंच सांगत आले होते. मुलांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून नाना म्हणाले, "मॅडम, पानीच निळं शे. आभायना काही संबंध नही."

मी वळून बघितलं. ते भांडायला बोलले नव्हते. जारचं झाकण लावता लावता सहज बोलून गेले होते.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी आधी जळगावले व्हतू. पोहण्याच्या तलाववर कामाले. तठे वर पत्रास्नं छत. आभाय दिसेच नही. तरी खोल बाजूले पानी निळं दिसे. उथळ बाजूले पांढरं."

"नाना, तिथल्या फरशा निळ्या असतात. फरशीचा रंग दिसतो तो."

"नही मॅडम. पांढऱ्या व्हत्यात. मीच घासेल शेतस त्या."

इथे मी थांबायला हवं होतं. आत कुठेतरी मला कळलंही होतं की या माणसाने जे सांगितलं त्याला माझ्याकडे उत्तर नाही. छत आहे, फरशी पांढरी आहे, पाणी एकच आहे आणि खोल तेवढं निळं आहे. असा पुरावा एखाद्या विद्यार्थ्याने मांडला असता तर कदाचित मी म्हटलं असतं, शोधून सांगते. पण समोर पन्नास मुलं होती आणि बोलणारा माणूस माझ्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणारा होता.

"असं करू या नाना," मी म्हणाले, "उद्यापासून विज्ञान तुम्ही शिकवा, मी बाटल्या धुते."

मुलं हसली. मुलं अशा वेळी जरा जास्तच हसतात. मीही हसले. नानाही हसल्यासारखे झाले आणि जार उचलून बसकडे गेले.

त्यानंतर काही आठवडे मुलांना तो खेळच झाला. माठाजवळ उभं राहून कोणी ओरडायचं, "नाना, पाणी निळं झालं बघा." कोणी शाईचा थेंब टाकलेला ग्लास त्यांच्यापुढे धरायचं. मी हे दोनतीनदा तरी स्वतःच्या कानांनी ऐकलं. शिक्षक म्हणून एका शब्दात थांबवता आलं असतं. थांबवलं नाही. थांबवायचं तर का, हे मुलांना सांगावं लागलं असतं. नाना मात्र पूर्वी प्रात्यक्षिक चालू असताना काही ना काही बोलायचे, ते बोलेनासे झाले. लागेल ती वस्तू टेबलावर ठेवायची आणि बाहेर जाऊन बसायचं.

पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याला आमचं प्रशिक्षण होतं. तिथे एका तज्ज्ञ सरांनी बोलता बोलता सांगितलं की पाणी निळं दिसतं ते आकाशामुळे, हे उत्तर अपुरं आहे. वरच्या पृष्ठभागावर आकाश दिसतं हे खरं. पण पाणी स्वतःच किंचित निळं असतं. सूर्याच्या प्रकाशातला तांबडा रंग पाणी थोडा थोडा शोषून घेतं. ग्लासभर पाण्यात ते जाणवत नाही, कारण प्रकाशाला वाट फार थोडी मिळते. काही मीटर पाण्यातून प्रकाश गेला की तांबडा बराच कमी होतो आणि निळा उरतो. नदीला पूर आला की ती मातकट दिसते, विहीर शेवाळामुळे हिरवी दिसते, ते वेगळं.

मी वहीत लिहून घेत होते. माझा हात थांबला. मग मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, छताखालचा तलाव असेल, फरशी पांढरी असेल, तर?"

"तर उलट जास्त नीट कळेल," सर म्हणाले. "खोल बाजू जास्त निळी दिसेल. फार चांगला प्रश्न विचारलात."

शेजारच्या बाईंनीही कौतुकाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बसले. हा प्रश्न माझा नाही, एवढं म्हणायला दोन सेकंद लागले असते.

शाळा उघडली. मी ठरवलं होतं की नानांना सांगायचं. पहिल्या दिवशी गडबड होती. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आणखी एक शिक्षक बसले होते. नंतर रोज काहीतरी निघत गेलं. खरं सांगायचं तर निघत नव्हतं, मी काढत होते. ती मुलं आता नववीत गेली होती आणि नववीचं विज्ञानही माझ्याकडेच होतं. त्यांनाही मी काही बोलले नाही.

मग विज्ञान प्रदर्शन आलं आणि मी जे केलं ते धरणावरच्या बोलण्यापेक्षाही वाईट होतं. हेडमास्तर म्हणाले, या वेळी काहीतरी वेगळं न्या. माझ्या भावाचं पाचोऱ्याला ठिबकचं आणि पाइपांचं दुकान आहे. त्याच्याकडून मी वीस फुटी पांढरा पाइप मागवला, चार इंची. दोन्ही टोकांना पारदर्शक ॲक्रिलिकच्या चकत्या बसवायच्या, वरून भोक पाडून पाणी भरायचं, एका टोकाला पांढरा दिवा लावायचा आणि दुसऱ्या टोकाने बघायचं. आभाळ नाही, निळी फरशी नाही, नुसतं पाणी.

हे सगळं जमवून दिलं नानांनी. माझ्या चकत्या दोनदा गळल्या. त्यांनी सांधा खरवडून, कोरडा करून, पुन्हा एम-सील भरलं आणि रात्रभर वाळू दिलं. सकाळी पाणी भरलं, गाळून, सावकाश, आत बुडबुडे राहू नयेत म्हणून. मी वाकून बघितलं. दुसऱ्या टोकाचा पांढरा दिवा निळसर दिसत होता. फिकट, पण निळाच, शंका राहू नये इतका.

मी बाजूला झाले. नाना गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला आणि एक डोळा लावून खूप वेळ बघत राहिले. मग उठले आणि माझ्याकडे बघितलं. नुसते उभे होते. मी काहीतरी म्हणेन असं त्यांना वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"त्या टोकाला गळतंय का बघा जरा," मी म्हणाले.

ते बघायला गेले.

प्रदर्शनात आमच्या पाइपाभोवती गर्दी झाली. नाना आले होते. पाइप उचलायला आणि सांडलेलं पाणी पुसायला. परीक्षकांनी बघितलं, खूश झाले, आणि विचारलं, "कल्पना कोणाची?"

नाना माझ्यापासून चार पावलांवर फडकं पिळत होते.

"वाचनातून सुचली, सर," मी म्हणाले.

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्रावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव आलं, ते प्रयोगशाळेत लावलं गेलं. त्याच्या काचेवरची धूळ नाना पुसायचे. मी तिकडे पाठ करून बसायला शिकले.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ, भाषणं. विज्ञान विभागातर्फे मला बोलायला सांगितलं. घरी मी सगळं लिहून काढलं होतं, धरण, तलाव, पाइप, सगळं. उभी राहिले तेव्हा समोर संस्थेची माणसं बसलेली दिसली. तो कागद पर्समध्येच राहिला. मी म्हणाले की नाना म्हणजे पाण्यासारखा निर्मळ माणूस. टाळ्या पडल्या.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्या गावी गेले. कोणी पाठवलं नव्हतं. कामाशिवाय सुट्टीत घरी बसले की हे वर येतं आणि दिवसभर जात नाही, एवढंच कारण. शिरपूरपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. नाना ओट्यावर खाट टाकून बसले होते. मला बघून गडबडले, आतून खुर्ची मागवली. एक मुलगी खुर्ची घेऊन आली, म्हणाली, "मॅडम, ओळखलं का?"

ओळखलं. सहलीला आलेल्या त्याच वर्गातली, तिसऱ्या बाकावरची. आता धुळ्याला नर्सिंग शिकत होती.

"तू इथे कशी?"

"मनी नात शे," नाना म्हणाले. "पोरनी पोर. मनाजवळच राहे शाळाले."

मला कधी कळलं नव्हतं. आडनाव वेगळं होतं, आणि तिने त्यांना नाना म्हटलं तरी सगळेच नाना म्हणत होते. प्रात्यक्षिकाच्या मार्कांवरून कोणी बोलू नये म्हणून नानांनीच शाळेत सांगितलं नव्हतं. ती चहा करायला आत गेली आणि मी जे बोलायला आले होते ते बोलले. धरणापासून सुरुवात केली, प्रशिक्षण सांगितलं, परीक्षकांना काय उत्तर दिलं ते सांगितलं. म्हणाले, प्रमाणपत्रावर तुमचं नाव यावं म्हणून मी हेडमास्तरांना लिहून देते.

नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"कागदवर नाव टाकीसन आते काय करनं?" ते म्हणाले. "पानी निळं शे हाई माले तवय बी माहीत व्हतं. त्यानं काही नही वाटनं मॅडम." आतल्या बाजूला बघत, हळू आवाजात म्हणाले, "पन पोर वर्गमा व्हती. दोन दिन जेवनी नही ती. माले म्हने, नाना, शाळामा काही बोलत नका जाऊ."

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला. असू द्या म्हणून की पुरे म्हणून, ते मला समजलं नाही. चहा आला. मग ते यंदाच्या ज्वारीबद्दल बोलत राहिले.

मुलगी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. ऊन कलतं झालं होतं. गाडी यायची होती.

"मी आतून ऐकलं, मॅडम," ती म्हणाली.

"तुझीही माफी मागायला हवी मला."

"मी जेवले नाही ते तुमच्यामुळे नाही." ती रस्त्याकडे बघत होती. "त्या दिवशी मी पण हसले होते. सगळ्यात मोठ्याने. नाना माझे आहेत हे कोणाला कळू नये म्हणून. ते नानांना अजून माहीत नाही."

मी म्हणाले, "हसवलं मी होतं. तू तेरा वर्षांची होतीस." गाडी आली.

आठ दिवसांनी नानांचा फोन आला. म्हणाले, "पोरनी बठ्ठं सांगं माले, ती बी हसनी व्हती ते."

"मग?"

"मग काय. रडनी. मी म्हनं, येडी, माले दिसनं व्हतं तवयच." आणि फोन ठेवायच्या आधी, "मॅडम, कागदनं राहू द्या. वर्गमा मात्र बरोबर सांगा पोरेस्ले."

जूनमध्ये नवी आठवी आली. प्रकाशाचा धडा यायला वेळ होता, तरी मी पहिल्याच आठवड्यात मुलांना पाइप दाखवला, कल्पना कोणाची होती ते नानांचं पूर्ण नाव घेऊन सांगितलं, आणि धरणावर काय झालं तेही सांगितलं. काही गाळलं नाही. एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, त्यांचं बरोबर होतं, तर तुम्ही तेव्हा विचार का नाही केला?"

मी खडू खाली ठेवला. "कारण ते शिपाई होते," मी म्हणाले, "आणि मी मॅडम होते."

मग मी मुलांना पुस्तकं काढायला सांगितली.