उलट्या चपला

परबमॅडमनी माझ्या गुडघ्याआधी माझ्या चपला पाहिल्या. ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा, हातात वॉकर आणि सोबत आई. दिंडोशीच्या एका वसाहतीत तळमजल्यावर त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं; दोन खोल्या, तीन पलंग आणि एक जुनी व्यायामाची सायकल. मी दारात काढलेल्या चपला त्यांनी वाकून उचलल्या, उजेडात धरून तळ पाहिला आणि तशाच उलट्या ठेवून दिल्या. आईने लगेच पायाने त्या सरळ केल्या. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मॅडमनी त्या पुन्हा उलट्या केल्या.

"होऊ दे भांडण, आजी," त्या म्हणाल्या. "याच्या दोन पायांतच लावायचंय. एक राबतोय आणि दुसरा आयतं खातोय."

ही त्यांची रीतच होती. प्रत्येक पेशंटने पहिल्याच आठवड्यात साध्या रबरी चपलांचा नवा जोड घ्यायचा, बाहेर चालताना तोच वापरायचा आणि दर शनिवारी त्यांना दाखवायचा. टाच कुठल्या बाजूने झिजली, अंगठ्याचा ठसा किती उमटला, यावरून त्या कुठला पाय कामचुकारपणा करतोय ते ओळखत. "तोंड मला बरं वाटावं म्हणून बोलतं," त्या म्हणायच्या, "चप्पल चुगली करते." शनिवारी आम्ही आठ-दहा जण चपला हातात घेऊन बाकावर बसायचो. त्यात एक बँकेचे निवृत्त मॅनेजर होते, त्यांचाही चेहरा प्रगतिपुस्तक दाखवायला आल्यासारखा व्हायचा.

मॅडम साठीच्या, ठेंगण्या, सुती पंजाबी ड्रेस आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. एका मोठ्या इस्पितळात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. मी एकदा भाजीबाजारात समोरून नमस्कार केला तर ओळख दिली नाही, दहा पावलं पुढे गेल्यावर मागून हाक आली, "अरे दिलीप, टाच आधी टेक." एरवी त्या आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायच्या. रागावल्या की मात्र मालवणी सुरू व्हायची, आणि तिला सगळं क्लिनिक टरकून असायचं.

माझं दुखणं मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेलं. सोसायटीच्या वर्धापनदिनाला विवाहित विरुद्ध अविवाहित असा कबड्डीचा सामना ठरला आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मी चढाईला गेलो. पाय तिथेच राहिला आणि मी वळलो. गुडघ्यात कट्कन वाजलं तेव्हाच कळलं की आपली वाट लागली. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. माझ्याच मांडीमागची शीर काढून डॉक्टरांनी गुडघ्यात नवं बसवलं.

लोक विचारायचे, चालणार कधी? माझी काळजी वेगळीच होती. मी आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. तो पखवाज वडिलांचा. ते गेले त्या वर्षीच्या गणपतीत बुवांनी तो माझ्यासमोर सरकवला, तेव्हापासून एकवीस वर्षं ती जागा माझी. पखवाज जमिनीवर आडवा, त्याच्यामागे मांडी घालून बसायचं. मांडी मोडली तर जागा गेली.

म्हणून पहिल्याच दिवशी मी मॅडमना मांडीचं विचारलं. त्या म्हणाल्या, आठ महिने तरी नाही. गणपती पाचव्या महिन्यात येत होते. मी तसं सांगितल्यावर त्यांनी सहज सुचवलं, मग यंदा खुर्चीत बसून वाजव, पखवाज टेबलावर ठेव. देव पाटावर, बुवा पेटी घेऊन जमिनीवर, आणि मी त्यांच्या डोक्याच्या उंचीला गुडघे आणून खुर्चीत? आमच्यात असं कोणी केलेलं नव्हतं. हे मला मॅडमना सांगता आलं नाही.

पुढचे महिने मी मान मोडून काम केलं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मांडी आवळून दहा आकडे मोजायचे, भिंतीला पाठ लावून खाली सरकायचं. गुडघा काटकोनात वाकला त्या दिवशी मी घरी पेढे नेले. कण्हलो की मॅडमचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "दुखलं तर सांग. भीती वाटली तर आधी सांग." मला ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं वाटायचं.

गणपती आले. माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती आणि माझा चुलतभाऊ नंदू वाजवायच्या तयारीने पखवाजाच्या पुडीला कणीक लावत होता. नंदू जर त्या जागी बसला तर तो कायमचा बसेल, असं मला एकाएकी वाटलं. मी खुर्ची बाजूला सारली आणि मांडी घातली. तासभर झकास वाजवलं. मग उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं आणि सकाळी गुडघा शहाळ्याएवढा झाला होता.

मी कोणालाच सांगितलं नाही. गणपतीचं निमित्त करून दोन शनिवार बुडवले. सूज उतरली, पण भीती उतरेना. उजवा पाय टेकला की आतली शीर आत्ता तुटेल असं वाटायचं. सगळा भार मी डाव्यावर टाकायला लागलो आणि डाव्या चपलेची टाच बघता बघता झिजली. तिसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी मी त्याच मापाचा नवा जोड आणला आणि मोरीच्या दगडावर दोन्ही तळ घासत बसलो. अगदी सारखे, मोजून मापून. आईने डोकावून विचारलं, चपला धुतोस की झिजवतोस? मी नळ मोठा सोडला.

शनिवारी मॅडमनी तळ बराच वेळ पाहिले. मग मालवणी सुरू झाली.

"गुडघो तुझो आसा, माझो नाय. माका फसवून तुका काय गावतला?" चपला त्यांनी बाजूला ठेवल्या, या वेळी सरळ. "इतकी सारखी चप्पल अख्ख्या आयुष्यात मी कोणाची बघितली नाही. चांगल्या माणसाचीसुद्धा एक थोडी जास्तच झिजते. कधी घातलीस मांडी?"

मी सांगितलं. ओरडा खायची तयारी होती, पण त्यांनी फक्त विचारलं, "किती घाबरलायस?" आणि सगळ्या क्लिनिकसमोर मला रडू फुटलं. नंदूचं, जागेचं, वडिलांचं, सगळं बाहेर आलं. मॅनेजरसाहेब सायकलवरून उतरून पाणी घेऊन आले. मॅडमनी त्याच दिवशी मला ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. लिगामेंट शाबूत होतं. थोडक्यात वाचलो होतो.

पुढच्या शनिवारी पखवाज घेऊन ये, असा निरोप आला. मॅडमनी तो पलंगावर ठेवायला लावला आणि मला समोर उभं केलं. डावा पाय उचलायचा, उजव्यावर उभं राहायचं आणि वाजवायचं. पहिल्यांदा भजनी ठेक्याचं एक आवर्तनही पुरं झालं नाही. हात ठेक्यात गुंतले की पायाची भीती विसरायची, हे मात्र दोन आठवड्यांत माझ्या ध्यानात आलं. हळूहळू बाकीचे पेशंटही माझ्या ठेक्यावर आपापले पाय उचलायला लागले. मॅनेजरसाहेब तर ठेका थांबला की तक्रार करायचे.

दत्तजयंतीला मी मांडी घातली. नंदूनेच पखवाज समोर आणून ठेवला. मॅडम आल्या होत्या, दाराशी उभ्या राहून एक अभंग ऐकला. देवाकडे एकदा आणि माझ्या गुडघ्याकडे सगळा वेळ पाहत होत्या. पुढच्या भेटीत वाजवण्याबद्दल अक्षर नाही. "उठताना हाताचा टेकू घेतलास," एवढंच म्हणाल्या. मग मी पुन्हा घालायला लागलेला जुना, आता दोन्ही पायांनी वेडावाकडा झिजवलेला जोड पाहिला आणि म्हणाल्या की हा आता खरा आहे, उद्यापासून येऊ नकोस. एवढं वाईट मला ऑपरेशनच्या वेळीही वाटलं नव्हतं.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. आठवडाभराचं आजारपण, बस. बाराव्याला त्यांच्या घरी संध्याकाळी भजन ठेवलं होतं, आणि पखवाज मी वाजवला. मांडी घालून, दीड तास. गुडघा एकदाही बोलला नाही. डोळे मात्र सारखे भरून येत होते.

भजन संपल्यावर जिन्यात गर्दी झाली. चपलांचा ढीग पडला होता आणि बहुतेक माणसं मला अनोळखी होती. एक बाई वाकल्या, आपली चप्पल उचलली, घालायच्या आधी उलटी करून तळ पाहिला. त्यांच्यामागच्या तरुणाने तेच केलं. मग मॅनेजरसाहेबांनी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं; एकेक जण खाली वाकत होता, तळ बघत होता आणि पायांत घालून जिना उतरत होता.

आई माझ्या शेजारी उभी होती. आयुष्यभर दिसेल ती उलटी चप्पल सरळ करत आलेली. तिने कठड्याला धरून आपल्या चपला उचलल्या आणि जिन्यातल्या दिव्याखाली उलट्या धरल्या.

"उजवी जास्त झिजलीय रे," ती म्हणाली. "आता ही दाखवायची कोणाला?"